छापण्यास हरकत आहे

४ जानेवारी

आजपासून दोन वह्या. एक निळी, समाजसेविका बाईंनी दिलेली. तिच्यात रोज चार ओळी लिहायच्या, त्या दर महिन्याला येऊन वाचणार आणि शेवटी ती वही कोर्टात जाणार. त्या वहीत आज लिहिलं, 'बालिका घरी आली. वातावरणाशी परिचय करून घेत आहे.'

ही दुसरी वही माझी. इथे खरं लिहिते. बालिकेने आल्या आल्या घरातले सगळे नळ सोडून पाहिले, दिव्यांची बटणं खटाखट दाबली, फ्रिज उघडून आत डोकं घातलं, न्हाणीघराची कडी आतून नीट बसते का ते दोनदा तपासलं. मग स्वयंपाकघराच्या दारात येऊन म्हणाली, "बाहेरच्या खोलीतली एक काच हलते."

नवरा लिफ्ट दुरुस्त करतो. बावीस वर्षांच्या नोकरीत त्याच्या घराची एवढी कडक तपासणी कोणी केली नव्हती. तो म्हणाला, "इन्स्पेक्टरसाहेब, उद्याच बसवतो." तेव्हापासून ती इन्स्पेक्टर.

वय वर्षं नऊ. याआधी दोन घरांनी तिला नेलं आणि दोन्ही घरांतून ती परत आली. कागदावर दोन्ही वेळा कारण एकच, 'बालिकेची स्वतःची इच्छा'. आमच्या बाबतीत कोर्टाचा हुकूम सहा महिन्यांनी होईल. तोवर ती आमच्याकडे आहे, आमची नाही. समाजसेविका बाई निघताना चपला घालत हळूच म्हणाल्या, "तिसऱ्यांदा परत आली तर नियमाप्रमाणे तिचं नाव यादीतून निघतं. मग अठरा पूर्ण होईपर्यंत संस्थाच."

मी म्हणाले, "तिसऱ्यांदा येणार नाही." एवढं ठणकावून बोलले खरी, पण आधीच्या दोन घरांनीही असंच म्हटलं असेल.

५ जानेवारी

सासूबाई येऊन पाहून गेल्या. त्या शेजारच्याच इमारतीत राहतात, त्यामुळे 'येऊन जातात' म्हणणं धाडसाचं आहे. "चाळिशी उलटल्यावर हे उद्योग! आणि आणायचंच होतं तर तान्हं आणायचं. ही एवढी घोडी आता काय लळा लावून घेणार?"

इन्स्पेक्टर आतल्या खोलीत होती. तिला ऐकू गेलं असणार. आमच्या भिंती म्हणजे नुसत्या नावाला.

सगळे विचारतात, निर्णय घेतला कसा. दयेचा पान्हा-बिन्हा काही फुटलेला नाही, हे एकदा इथे लिहून ठेवते. मी सरकारी छापखान्यात मुद्रितशोधक आहे, म्हणजे दुसऱ्यांच्या चुका काढण्याचा पगार घेते. गेल्या वर्षी दत्तक खात्याचा देशभराचा अहवाल माझ्या टेबलावर आला. अर्ज करणारी कुटुंबं दरवर्षी वाढताहेत, तान्ही बाळं दरवर्षी कमी होताहेत. एका तान्ह्या बाळामागे चौदा अर्ज आणि साडेतीन वर्षांची रांग. तक्त्यात खाली यावं तसं मुलांचं वय वाढतं आणि अर्ज आटत जातात. 'मुली, ८ ते १०, पूर्वी परत आलेल्या' या ओळीत अर्जांच्या रकान्यात शून्य होतं.

शून्य दिसलं की आम्हाला मूळ प्रत काढून बघावी लागते, कारण कधी कधी पुढचा आकडा गळालेला असतो. मूळ प्रतीतही शून्यच. तरी खात्याला फोन लावला. पलीकडून आकडेवाला वैतागून म्हणाला, "हो बाई, शून्यच आहे. छापा." मी छापायला सोडलं. घरी येऊन नवऱ्याला सांगितलं. तो फडक्याने पाना पुसत म्हणाला, "पुढच्या वर्षी तिथे एक छापून येऊ दे."

असा घेतला निर्णय. त्या शून्याने माझं डोकं उठवलं होतं.

१९ जानेवारी

नवऱ्याला ती 'काका' म्हणते. सासूबाईंना 'आजी' म्हणते. मला काहीच म्हणत नाही.

पहिल्याच दिवशी मी सांगून टाकलं होतं, तुला हवं ते म्हण. तिला बहुतेक काहीच नकोय. हाक म्हणून मारत नाही. मी घरात कुठे आहे ते शोधत येते, समोर उभी राहते, मी मान वर करेपर्यंत थांबते आणि मग बोलते. आज गच्चीवर कपडे वाळत घालत होते. तीन जिने चढून आली, धापा टाकत समोर उभी राहिली आणि म्हणाली, "दूध उतू जातंय." तोवर ते जाऊन शेगडीही विझली होती. खालून एक हाक मारली असती तर काय जीभ झिजली असती?

निळ्या वहीत लिहिलं, 'संबोधन अद्याप निश्चित नाही.'

९ फेब्रुवारी

सासूबाई आज हातभर लांब चॉकलेट घेऊन आल्या. सगळ्यांसमोर ते तिच्या नाकापुढे धरलं. "म्हण बघू, आई. एकदाच म्हण आणि घे."

इन्स्पेक्टरने दोन्ही हात पाठीमागे नेले. "नको मला."

"अगं, म्हणायला काय जातं?"

"जातं," ती म्हणाली आणि आत निघून गेली.

काय जातं ते काही तिने सांगितलं नाही. सासूबाई माझ्याकडे बघून म्हणाल्या, "बघ बाई, पालथ्या घड्यावर पाणी." मी त्यांना तिथल्या तिथे सुनावलं, की माझ्या घरात चॉकलेट दाखवून काही वदवून घ्यायचं नाही, ती काय पोपट आहे? त्या तणतणत गेल्या. पण खरं सांगायचं तर राग मला त्यांचा आला नव्हता. तिचा आला होता. एक शब्द. शाळेतल्या बाईंना 'बाई' म्हणतेस, दूधवाल्याला 'दादा' म्हणतेस, मग मीच कोण लागून गेले की मला काहीच नाही? अशी चिडले आणि मग चिडल्याची लाज वाटली. सेहेचाळीस वर्षांची बाई नऊ वर्षांच्या पोरीशी हट्ट करते आहे.

ते चॉकलेट नवऱ्याने खाल्लं.

३ मार्च

तिचं लिहिणं म्हणजे माझ्या धंद्याचा अपमान आहे. फ्रिजवर चिठ्ठी लावली होती, 'दुध संपल. बीस्कीट पण. आणी काकांनी संपवल.' मी सवयीने लाल पेन काढलं आणि चिठ्ठीवरच दुरुस्त्या केल्या. तिने त्या बघितल्या, पण हसली नाही. उगीच केलं की काय?

संध्याकाळी बस चुकली, घरी यायला तासभर उशीर झाला. बाहेरच्या खोलीत ही स्टुलावर चढून खिडकीशी उभी. म्हटलं, "काय बघतेस गं?"

"काच हलते का बघत होते."

काच नवऱ्याने जानेवारीतच बसवली आहे. पण इन्स्पेक्टरच ती, तपासल्याशिवाय तिला चैन पडायचं नाही.

२६ एप्रिल

सासूबाई आणि इन्स्पेक्टर रोज दुपारी पत्ते खेळतात. कधी सुरू झालं कोण जाणे. भांडणाचे आवाज जिन्यापर्यंत येतात. "आजी, तुम्ही पान लपवलं!" "मी? या वयात मी खोटं खेळेन?" खेळतील. मी त्यांना चोवीस वर्षं ओळखते.

शेजारीण भेटली. "तुमची ती... पाळलेली मुलगी कशी आहे?" मी म्हणाले, "पाळतात ती मांजरं. मुलगी मजेत आहे." ती नाक उडवून गेली. बरं वाटलं.

७ जून

समाजसेविका बाई कागद आणि लिफाफा देऊन गेल्या. नियम असा आहे की सहा वर्षांवरच्या मुलाने कोर्टाला स्वतःच्या हाताने पत्र लिहायचं, कुठे राहायची इच्छा आहे ते सांगायचं. न्यायाधीश त्यावरच निम्मा निर्णय करतात, असं त्या म्हणाल्या.

इन्स्पेक्टर जेवायच्या टेबलापाशी बसून लिहीत होती. मी पाण्याचा पेला ठेवायच्या निमित्ताने डोकावले. 'मि इथे पाच महीने रहाते. इथे चार खीडक्या आहेत. काकांना लीफ्ट येते.' बस, एवढंच. चार खिडक्यांना जागा मिळाली, काकांना मिळाली, मला नाही. गिळलं मी ते. पण असल्या अवतारात पत्र कोर्टात जाऊ देणं माझ्या हातून होईना. लाल पेन घेऊन बसले. "'मी'ला दुसरी वेलांटी. 'महिने'ला पहिली. 'राहते' असं लिहायचं, 'रहाते' नाही."

ती म्हणाली, "पक्कं लिहायचं?"

"हो, पक्कं. कोर्टात जायचंय ना."

तिने दुसरा कागद घेतला आणि मी सांगेन तसं, एकेक अक्षर, मोत्यासारखं उतरवलं. एकदाही मान वर केली नाही. लिहून झाल्यावर पेनाचं टोपण लावलं आणि विचारलं, "आता कधी?"

"आठ जुलैला."

"शाळेच्या लायब्ररीचं पुस्तक त्याआधी द्यायला हवं," ती म्हणाली.

केवढी व्यवस्थित पोर आहे.

१२ जून

लायब्ररीचं पुस्तक अर्धवट वाचूनच देऊन आली. नवे बूट पुसून खोक्यात ठेवले, जुनेच घालते. जपून वापरते, मी समजले. शेजारच्या मुलीचं कंपासचं झाकण कधीचं हिच्याकडे राहिलं होतं, तेही नेऊन दिलं. पत्त्यांत सासूबाईंनी तीन डाव लबाडीने जिंकले आणि ही एका शब्दाने भांडली नाही. सासूबाई खूश, "बघ, वळण लागलं." निळ्या वहीत मीही लिहिलं, 'बालिका अत्यंत शिस्तीत वागत आहे.'

नवऱ्याला मात्र पसंत नाही. "पाच दिवस झाले, इन्स्पेक्टरने एक तक्रार केलेली नाही. लिफ्ट आवाज करते तोवर मला काळजी नसते. एकदम गप्प झाली की मी आधी माणसं उतरवतो."

त्याला प्रत्येक गोष्टीत लिफ्ट दिसते.

१६ जून

यंदाचा दत्तक अहवाल आला. सगळ्यात आधी ती ओळ काढली. 'मुली, ८ ते १०, पूर्वी परत आलेल्या : १'. तो एक मी तीनदा तपासला. देशभरातून एक, आणि तो एक आमच्या घरात बसून गणितं सोडवतोय. टेबलाखाली पाय हलवत बसले होते, आमच्या विभागाच्या हेडनी विचारलं, काय झालं. म्हटलं, काही नाही, आकडा बरोबर आहे.

मग तक्ता चौदा आला. परत आलेली मुलं, कारणांसह. दहातल्या सात मुलांपुढे 'बालकाची स्वतःची इच्छा'. गेल्या वर्षी सहा होती. अहवालात वर एक वाक्यही आहे, 'मोठ्या वयाची बालके कुटुंबात राहण्यास अनुत्सुक असल्याचा कल वाढत आहे.'

म्हणजे मुलांनाच आपण नको असतो. मी शूरपणे शून्य पुसायला निघाले, पण ज्या मुलीसाठी निघाले तिला विचारलंय का कोणी? दोनदा ती स्वतःच नको म्हणाली. तिसऱ्यांदा का नाही म्हणणार? पत्रात माझं नावसुद्धा नाही.

१९ जून

आज सुट्टी घेतली होती. क्रमाने लिहिते.

सुनावणीआधी पालकांना मुलाची फाईल बघायचा हक्क असतो, म्हणून समाजसेविका बाई ती घेऊन आल्या. त्यात तिची आधीची दोन पत्रं होती, पहिलं सातव्या वर्षीचं, दुसरं साडेआठव्या. मी वाचायला घेतली. आमच्या धंद्यात पहिलं वाचन अर्थासाठी नसतंच, ते चुकांसाठी असतं. 'मी माझ्या स्वतःच्या इच्छेनुसार सदर कुटुंबात राहू इच्छित नाही. कुटुंबीयांशी माझे भावनिक नाते निर्माण होऊ शकले नाही. याबाबत माझ्यावर कोणतेही दडपण नाही.' दोन्ही पत्रं वाचून झाली आणि माझं पेन एकदाही खाली टेकलं नाही.

'स्वतःच्या' विसर्गासकट. 'कुटुंबीय', टला पहिला उकार, बला दुसरी वेलांटी. हा शब्द आमच्याकडे मोठे मोठे अधिकारी चुकवतात. आणि ही पोर आजच्या घटकेलाही 'मि' लिहिते.

समाजसेविका बाई म्हणाल्या, "काय झालं?"

मी म्हणाले, "यात एकही चूक नाही."

"मग चांगलंच आहे की," त्या म्हणाल्या.

त्यांना समजावून सांगितलं तेव्हा त्यांनी दोन्ही पत्रं पुन्हा हातात घेतली. वीस वर्षं त्या ही पत्रं फाईलला लावत आल्या आहेत.

इन्स्पेक्टर शाळेतून आली. दोन्ही पत्रं टेबलावर ठेवून मी विचारलं, "ही तू लिहिलीस?"

"अक्षर माझंच आहे."

"आणि शब्द?"

"कच्चं माझं होतं." तिला त्यात काही वावगं वाटतच नव्हतं. "पक्कं मोठ्यांचं असतं. ते एकेक अक्षर सांगतात आणि आपण लिहायचं. पहिली वेलांटी, दुसरी वेलांटी. तुम्ही सांगितलंत ना, तसंच. मग ते कोर्टात जातं आणि आपण संस्थेत."

"कच्च्यात काय लिहिलं होतंस?"

"पहिल्या वेळचं आठवत नाही. दुसऱ्या वेळी लिहिलं होतं की मी पुन्हा ओरडणार नाही." मग म्हणाली, "ते त्यांनी पक्क्यात घेतलं नाही."

"मग त्या दिवशी मी तुला पक्कं लिही म्हणाले, तेव्हा तुला वाटलं..."

"म्हणून तर विचारलं ना, कधी."

बारा दिवस. बारा दिवस ही पोर जायच्या तयारीने वावरत होती, एकेक वस्तू परत करत होती, आणि मी निळ्या वहीत शिस्तीचं कौतुक लिहीत होते. दुसऱ्यांच्या चुका काढायचा पगार खाणारी मी! मला माझी इतकी शरम आयुष्यात वाटली नव्हती. तिच्यासमोर ढसाढसा रडले. ती उठली, नळ सोडून पाण्याचा पेला भरून आणला, माझ्यापुढे ठेवला आणि बाजूला उभी राहिली.

मी ते पक्कं पत्र तिच्यासमोर फाडलं. चार तुकडे, मग आठ. तिने विचारलं, "मग आता काय लिहू?"

"मला माहीत नाही. तुला वाटेल ते लिही. राहायचं नसेल तर तसं लिही. मी बघणार नाही, काका बघणार नाहीत. वेलांटी चुकली तर चुकू दे."

"खरंच बघणार नाही?"

तेवढ्यात नवरा कामावरून आला. त्याला दारातच अडवलं, सगळं सांगितलं. तो म्हणाला, "चल, आपण जिन्यात बसू." पाऊण तास आम्ही दोघं जिन्यात बसलो, आत ती एकटी लिहीत होती. येणारे जाणारे विचारत होते, किल्ली विसरलात का? नवरा म्हणाला, "नाही, इन्स्पेक्शन चालू आहे."

तिने लिफाफा स्वतः बंद केला. एवढा गोंद थापलाय की न्यायाधीशांना कात्री लागेल. आत काय आहे मला माहीत नाही.

२३ जून

अहवालाचं शेवटचं प्रूफ टेबलावर आलं. शेवटच्या प्रुफावर आमच्याकडे शिक्का असतो, 'छापण्यास हरकत नाही', खाली मुद्रितशोधकाची सही. एकवीस वर्षांत मी हजारो वेळा केली असेल. आज 'नाही' खोडलं, त्याच्यावर 'आहे' लिहिलं आणि सही ठोकली.

हेड धावत आले. "बाई, हे काय? आपलं काम मक्षिकास्थाने मक्षिका. मूळ प्रतीत माशी चिकटलेली असेल तर आपण माशी छापायची. तक्ता खरा की खोटा हे खातं बघेल."

"साहेब, ही माशी माझ्या घरी राहते. मी तिला रोज शाळेचा डबा देते."

ते खुर्ची ओढून बसले आणि म्हणाले, "मेमो मिळेल."

"मिळू दे."

समासात मी प्रश्न लिहिला होता, 'ही इच्छा मुलांची आहे हे कशावरून?' दुपारी आकडेवाल्याचा फोन आला, तोच गेल्या वर्षीचा.

"तुम्ही किती पत्रं पाहिलीत, बाई?"

"दोन."

"दोन पत्रांवरून देशाचा कल ठरत नाही."

"बरोबर आहे. तुम्ही किती पाहिलीत?"

पलीकडे त्याने काही कागद चाळले. मग म्हणाला, "आमच्याकडे पत्रं येत नाहीत. नुसता कारणाचा रकाना येतो."

"मग पत्रं मागवा. आकडे मोजू नका, शुद्धलेखन तपासा. ज्या पत्रात एकही चूक नाही ते मुलाने लिहिलेलं नाही."

त्याने फोन आपटला नाही, एवढंच.

१ जुलै

मेमो आला. 'कर्तव्याच्या मर्यादेचे उल्लंघन.' अहवालावर दुसऱ्या कोणाची तरी सही घेतली, तो छापूनही आला. तक्ता चौदा जसाच्या तसा आहे. खाली बारीक अक्षरांत एक नवी तळटीप आहे, 'कारणे अप्रत्यक्ष माहीतीवर आधारित आहेत.' 'माहीती'. हला दुसरी वेलांटी दिली आहे. मी नसले की असं होतं.

मला बसच्या वेळापत्रकांवर बदललंय. त्यांना वाटतं ही शिक्षा आहे. सासूबाईंना सांगितलं तेव्हा मला वाटलं आता बोलणी खावी लागणार. त्या पत्ते पिसत म्हणाल्या, "मेमो देतात म्हणजे काय, फासावर देतात का? माझ्या नातीसाठी मी असते तर शिक्काच चुलीत घातला असता." इन्स्पेक्टरने त्यांच्याकडे पाहिलं, मग पान टाकलं आणि म्हणाली, "आजी, बाहीत एक्का आहे तुमच्या."

पुन्हा भांडायला लागली. नवऱ्याने दोनदा सांगितलं, लिफ्ट सुरू झाली.

८ जुलै

कोर्टाची खोली आमच्या प्रूफखोलीएवढीच. न्यायाधीश बाईंच्या टेबलाच्या एका पायाखाली कागदाची घडी घातलेली, तरी ते हलत होतं. इन्स्पेक्टरने ते बघितलं आणि मी तिचा हात दाबला, आत्ता नको म्हणून. लिफाफा खरंच कात्रीने फाडावा लागला.

न्यायाधीश बाईंनी पत्र मनात वाचलं. मग चष्मा काढला, परत घातला आणि तिला विचारलं, "मोठ्याने वाचू?" तिने होकाराची मान हलवली आणि त्यांनी वाचलं. मी पायांच्या बोटांकडे बघत उभी होते. नवऱ्याचा हात माझ्या पाठीवर होता.

नंतर मला पत्राची नक्कल मिळाली. एक काना इकडचा तिकडे न करता उतरवते.

'माननिय जज बाई,
मि इथे साडेपाच महीने रहाते. काच हलत होती ति काकांनी बसवली. लीफ्ट बंद पडली तर काय करायच ते मला येत. आजी पत्यात लबाडी करतात पण मि पकडते.
सगळे वीचारतात की मि त्यांना आई का म्हणत नाही. आधी मि दोन बायकांना आई म्हटल. दोनी वेळा पहील्या दीवशीच म्हटल कारण त्यांनी सांगीतल. मग त्यांनी माझ्याकडुन पक्क लीहुन घेतल. म्हणुन मि यांना काहीच म्हणत नाही. काही म्हटल की जात. म्हटल नाही तर रहात. अजुन त्या आहेत.
त्यांनी माझ पक्क पत्र फाडल. अस कोणीच केल नव्हत.
मला इथेच रहायच आहे. हे कोणी तपासलेल नाही.'

न्यायाधीश बाईंनी मला विचारलं, काही सांगायचंय का. मी नवऱ्याला पुढे केलं. तो म्हणाला, "पत्रात सगळं बरोबर आहे, बाई." त्यांनी हुकमावर सही केली. आमची झाली. कायद्याने, कागदाने, सगळ्या बाजूंनी आमची.

मग बाहेरच्या टेबलावर कारकुनाने रजिस्टर उघडलं. नाव, वय, पत्ता असं भरत भरत तो एका रकान्यावर आला, 'बालिका दत्तक मातेस काय संबोधते'. मला न विचारताच 'आ' लिहायला त्याने पेन टेकवलं.

"थांबा," मी म्हणाले. "ते नाही लिहायचं."

"मग रिकामा सोडतो."

"रिकामाही नाही सोडायचा. लिहा, काहीही म्हणत नाही."

"अहो बाई, हुकूम झालाय आता. एक शब्दाचा प्रश्न आहे. सगळे 'आई'च लिहितात, बरं दिसतं."

"मी सगळ्यांचं विचारत नाहीये. माझी मुलगी मला काहीही म्हणत नाही. तसंच लिहा. ठळक लिहा."

इन्स्पेक्टर टाचा उंचावून रजिस्टरवर वाकली होती. कारकुनाने एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा तिच्याकडे बघितलं, सुस्कारा सोडला आणि लिहिलं. तिने ते तीन शब्द बोट ठेवून वाचले.

"हे कायमचं रेकॉर्ड आहे हं, बाई," कारकून म्हणाला. "एकदा इथे चढलं की पुढे काही बदलता येत नाही. असंच राहील."

"राहू दे," मी म्हणाले.